"नॉर्मल झाली की सिझर?": एका प्रश्नात लपलेले दोन प्रश्न

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमणार नाही त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, इथे लिहून देतेय. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं माझं 'म्हणजे ना' काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका मेसेजने. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मागच्या महिन्यात लिहिलं होतं, "ताई, माझ्या वहिनीचं सिझर झालं. बाळ मस्त आहे. पण आजीने सगळ्यांना बजावलंय की पाहुण्यांना नॉर्मलच सांगायचं. वहिनी दिवसभर रडते. मी काय करू?"

मी तो मेसेज तीनदा वाचला. कारण चार वर्षांपूर्वी हेच खोटं माझ्या घरात बोललं गेलं होतं, आणि ते बोलणारी माझी आई होती.

माझं बाळंतपण माहेरी, सांगलीत झालं. पहाटे कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सात सेंटिमीटरवर गाडी अडली ती अडलीच. संध्याकाळी पोटाला लावलेल्या मशीनवर बाळाचे ठोके प्रत्येक कळेबरोबर खाली जायला लागले आणि परत वर यायला वेळ लागायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही." मी सही केली. पाऊण तासात मुलगी बाहेर आली आणि रडली. ते रडणं ऐकून माझ्या मनात पहिलं आलं, सुटले. आणि दुसरं आलं, आता लोकांना काय सांगायचं?

हो, ऑपरेशनच्या टेबलावर. डॉक्टर टाके घालत होत्या आणि मी हा विचार करत होते.

घरी आल्यावर समोरच्या काकू भेटायला आल्या. पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाल्या, "काय गं, नॉर्मल ना?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "हो हो, नॉर्मल." मीही गप्प बसले.

आता खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज पाळावं लागतं. पाहुणे आले की मी पलंगावरून झटकन उठायचे. खोकला आला तर दाबायचे. बाराव्या दिवशी बारसं होतं. पाटावर मांडी घालून बसले, पाळण्याशी वाकले, सगळ्यांच्या पाया पडले. टाक्यांच्या उजव्या टोकाला दोन दिवसांपासून लाली होती, हात लावला की गरम लागायचं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि 'नॉर्मल' झालेल्या बाईच्या पोटावर टाके कुठून आले? रात्री ताप भरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टोकाचा एक टाका उघडला तर आत पू होता. पुढे तीन आठवडे रोज ड्रेसिंग.

डॉक्टर म्हणाल्या, "खाली बसल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, संसर्ग कुणालाही होऊ शकतो. पण लाली दिसली त्याच दिवशी का नाही आलीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आज ते सांगण्यासाठीच हा भाग करतेय.

दोन वेगळे प्रश्न

"नॉर्मल की सिझर?" असं कुणी विचारतं तेव्हा त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, हे ऑपरेशन खरंच गरजेचं होतं का? हा वैद्यकीय प्रश्न आहे, पैशाचा आणि व्यवस्थेचाही आहे, आणि तो विचारायलाच हवा. दुसरा, जो कुणी उघड विचारत नाही, तो असा: ही बाई आई म्हणून थोडी कमी पडली का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी, हॉस्पिटलने, सरकारने द्यायचं असतं. आपण मात्र तो प्रश्न बाळंतिणीच्या पलंगापाशी जाऊन विचारतो आणि त्याच्या पोटात दुसरा घालून देतो. म्हणून ती गप्प बसते. आणि ती गप्प बसली की तिचं दुखणंही लपतं आणि व्यवस्थेला विचारायचा प्रश्नही तसाच राहतो.

हे दोन धागे आज सोडवून बघू.

"कळा सोसवल्या नाहीत, सोपा रस्ता घेतला"

हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या लग्नात, बारशात ऐकलंच असेल. तर हा सोपा रस्ता कसा असतो?

बहुतेक वेळा मणक्यात सुई देऊन छातीखालचा भाग बधिर करतात. बाई जागी असते. कापलेलं दुखत नाही, पण आत ओढाताण चाललीय हे कळतं. ओटीपोटावर दहा-पंधरा सेंटिमीटरचा आडवा छेद घेतात. आधी त्वचा, मग चरबी, मग स्नायूंवरचं घट्ट आवरण. स्नायू शक्यतो कापत नाहीत, बाजूला सारतात. मग पोटाच्या आतलं आवरण आणि शेवटी गर्भाशय. बाळ काही मिनिटांत बाहेर येतं. नंतरचा बराच वेळ हे सगळे थर परत शिवण्यात जातो. रक्त नॉर्मलपेक्षा जास्त जातं, साधारण दुप्पट धरून चालतात.

मग लघवीची नळी, सलाइन आणि ती पहिल्यांदा पलंगावरून उतरण्याची वेळ. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये की पलंगापासून बाथरूमपर्यंतचं अंतर किती लांब असू शकतं. शिंक आली की पोटावर उशी दाबून धरायची हे मला शेजारच्या पलंगावरच्या बाईने शिकवलं. पोटाचं इतकं मोठं ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या कुठल्याही पेशंटला आपण आराम करायला सांगतो. इथे पहिल्याच दिवसापासून दर दोन-तीन तासांनी उठून बाळाला पाजायचं असतं.

आणि माझ्यासारख्या अनेकजणींचं सिझर कळा सुरू झाल्यावर, तासन्‌तास सोसल्यावर होतं. त्यांच्या वाट्याला कळाही येतात आणि टाकेही.

एक गोष्ट उलट्या बाजूनेही सांगायला हवी. 'नॉर्मल' या शब्दाने नॉर्मल झालेल्या बाईवरही अन्याय होतो. पहिल्या बाळंतपणात योनीमार्गाशी फाटणं किंवा छेद घेणं खूप वेळा होतं, तिथेही टाके पडतात. त्या बाईला पंधरा दिवस नीट बसता येत नाही. पण तिचं 'नॉर्मल' झालंय ना, मग तिला कसलं दुखणं! तिला तिसऱ्या दिवशी कामाला लावायला आपण मोकळे. म्हणजे एकीचं दुखणं लाजेपायी लपतं आणि दुसरीचं कौतुकापायी.

तीन वाक्यं, जी प्रत्येक घरात ऐकू येतात

सिझरचं कारण विचारलं की आपल्याकडे हमखास तीनपैकी एक वाक्य येतं: 'बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती', 'पाणी कमी झालं होतं' किंवा 'बाळाने पोटात शी केली'. ऐकणारे एकमेकांकडे बघतात. अर्ध्यांना वाटतं बाळ थोडक्यात वाचलं, अर्ध्यांना वाटतं डॉक्टरने फसवलं. खरं म्हणजे नुसत्या वाक्यावरून दोन्ही ठरवता येत नाही.

आधी नाळ. गळ्याभोवती नाळेचा वेढा असणं अगदी सर्रास आहे, साधारण चार-पाच बाळांमागे एकाला तो असतो. पोटातलं बाळ गळ्यातून श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू नाळेतूनच मिळतो. त्यामुळे 'फास बसला' हे चित्र चुकीचं आहे. बहुतेक वेळा बाळ बाहेर येताना तो वेढा हाताने सोडवतात. नुसता वेढा दिसला म्हणून सिझर करायचं कारण नसतं. कळा येताना ठोके बिघडायला लागले तर गोष्ट वेगळी. आणि नाळ बाळाच्या आधीच खाली घसरली तर ती खरी आणीबाणी. तिथे मिनिटं मोजायची असतात.

मग पाणी. बाळाभोवतीचं पाणी सोनोग्राफीत मोजतात. ते कमी आहे एवढ्यावर निर्णय होत नाही. कितवा महिना आहे, बाळाची वाढ कशी आहे, नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे, ठोके कसे आहेत, हे सगळं बघावं लागतं. दिवस पूर्ण भरले असतील आणि बाकी ठीक असेल, तर बरेचदा औषधाने कळा आणून वाट बघता येते.

आणि शी. दिवस भरलेली बाळं, विशेषतः तारीख उलटून गेलेली, कधीकधी पोटातच पहिली शी करतात. पाण्याला हलकी हिरवट छटा आहे आणि ठोके छान आहेत, तर लक्ष ठेवून पुढे जाता येऊ शकतं. पाणी दाट हिरवं आहे आणि ठोकेही खाली जातायत, तर डॉक्टर घाई करतात, आणि ती करायलाच हवी.

म्हणून विचारायचा नेमका प्रश्न असा: "डॉक्टर, बाळाचे ठोके आत्ता कसे आहेत, आणि आपल्याकडे किती वेळ आहे?" बऱ्याच वेळा या एका प्रश्नाने चित्र स्पष्ट होतं. उत्तर "वेळ नाही" असेल तर वाद घालू नका, सही करा. "थोडं थांबून बघू शकतो" असेल तर पुढचं बोलता येतं. आणि लक्षात ठेवा, सज्ञान बाईच्या ऑपरेशनसाठी संमती तिची लागते. कागदावर नवऱ्याची सही घेतात ते ठीक, पण समजावून सांगायचं ते तिला.

काही कारणांत तर चर्चेलाही फार जागा नसते. वार गर्भाशयाच्या तोंडावरच आलेली असते, ती वेळेआधी सुटते आणि रक्त जायला लागतं, बाळ आडवं असतं, किंवा कळा जोरात असूनही बाळ अडून बसतं. अशा वेळी "आमच्या घरात सगळ्यांचं नॉर्मलच झालंय" म्हणत घालवलेला एकेक तास आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततो. लाज नुसतं रडवत नाही, ती उशीरही करते.

मग गरज नसताना सिझर होतात का?

होतात. हे लपवून लाज कमी होणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघू. २००५-०६ मध्ये देशात शंभर बाळंतपणांमागे साधारण ८.५ सिझर होती. २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात त्या शेवटच्या सर्वेक्षणात २५.४, म्हणजे चारात एक. तेलंगणात ६० च्या वर, तर नागालँडमध्ये जेमतेम ५.

पण सगळ्यात बोलका फरक दुसराच आहे. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. गुंतागुंतीच्या कितीतरी केसेस शेवटी सरकारी हॉस्पिटलकडेच पाठवल्या जातात. तरीही खासगीत प्रमाण तिप्पट. एवढा फरक बायकांच्या शरीरात असू शकत नाही.

कारणं अनेक आहेत. नॉर्मल बाळंतपणाला बारा-चौदा तास, कधी त्याहून जास्त, कुणीतरी शेजारी थांबावं लागतं. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री भूलतज्ज्ञ मिळेल याची खात्री नसते, मग दिवसा उजेडी आटोपून घेणं सोयीचं वाटतं. सिझरचं बिल मोठं असतं. काही वाईट झालं तर नातेवाईक तोडफोड करतील ही डॉक्टरांची भीतीही खोटी नाही. आणि आपणही कमी नाही. चांगला मुहूर्त काढून, ग्रह बघून वेळ ठरवणारी घरं तुम्हालाही माहीत असतील. गंमत म्हणजे त्यातलीच काही घरं नंतर सुनेला ऐकवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये म्हटलं होतं की सिझरचं प्रमाण १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त असायचं कारण नाही. २०१५ मध्ये त्यांनी ही भूमिका नीट उलगडून सांगितली. लोकसंख्येच्या पातळीवर साधारण १० टक्क्यांपर्यंत सिझर वाढली की आई-बाळाचे मृत्यू कमी होतात, त्यापुढे फायदा दिसत नाही. पण त्याच निवेदनात हेही आहे की ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा ज्या बाईला गरज आहे तिला सिझर मिळालं पाहिजे. हा आकडा देशासाठी आहे. एकेका बाईला तो लावता येत नाही. तुमच्या वहिनीचं सिझर दहा टक्क्यांत बसतं की बाहेर, हे कुणी सांगू शकत नाही.

२०१७ मध्ये मुंबईतल्या एका आईने ऑनलाइन याचिका केली होती. हॉस्पिटलांनी आपापलं सिझरचं प्रमाण जाहीर करावं, एवढीच मागणी. लाखो लोकांनी सह्या केल्या. प्रश्न कुणाला विचारायचा हे तिने बरोबर ओळखलं होतं. बुकिंग करतानाच आपणही विचारू शकतो, "तुमच्याकडे शंभरात किती सिझर होतात? पहिलटकरणींमध्ये किती? कळांच्या वेळी सोबत कुणाला राहू देता?" चिडून उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे.

पैशाबद्दल एक गोष्ट, जी अजून खूप जणांना माहीत नसते. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी आरोग्य संस्थांमध्ये बाळंतपण मोफत आहे, सिझरसकट. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, तिथे असेपर्यंतचं जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हेही त्यात येतं.

भीती आली कुठून?

आजीला मूर्ख ठरवून हा विषय संपवू नका, असं मी त्या मेसेजवाल्या मुलीला लिहिलं. त्या भीतीला इतिहास आहे.

सिझर हा शब्द ज्युलियस सीझरवरून आला, तो असाच जन्मला, अशी एक गोष्ट सांगतात. ती बहुधा खरी नाही, कारण त्याची आई पुढे बरीच वर्षं जगली आणि त्या काळात पोट कापल्यावर आई वाचणं जवळपास अशक्य होतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा आईचा मृत्यूच. १८८२ मध्ये माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरने गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली आणि चित्र बदलायला लागलं. पुढे सुरक्षित भूल, रक्त देण्याची सोय आणि अँटिबायोटिक्स आली, तेव्हा कुठे हे ऑपरेशन भरवशाचं झालं. गावोगावी पोहोचायला तर आणखी कितीतरी वर्षं गेली. आजीच्या लहानपणी 'पोट फाडलं' म्हणजे बाई गेली, असंच समजायचे. भीतीचं रूपांतर पुढे कमीपणात कधी झालं, हे तिलाही सांगता येणार नाही.

माझ्या आईला मात्र सांगता आलं. मागच्या वर्षी एकदा धीर करून मी विचारलं, "आई, तू काकूंना खोटं का सांगितलंस?"

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या वेळी मी वीस तास कळा दिल्या. सासरी सगळ्यांनी कौतुक केलं. दोन वर्षांनी तुझ्या काकीचं सिझर झालं. तिला वर्षभर ऐकवलं सगळ्यांनी. आयतं पोर मिळालं म्हणून. मी पण ऐकवलं." मग थोड्या वेळाने, "तुझ्या वेळी वाटलं, आता ते फिरून तुझ्याकडे येणार."

मला तोवर वाटत होतं की आईला माझी लाज वाटली. खरं तर तिला भीती वाटली होती, आणि ती भीती तिने स्वतःच्या जिभेतून ओळखली होती.

दूध, कंबर आणि भात

आता बाळंतिणीच्या खोलीत हमखास ऐकू येणाऱ्या तीन गोष्टी.

"सिझरवालीला दूध येत नाही." दूध यायची खूण शरीराला वार बाहेर पडल्यावर मिळते, मग बाळ कुठूनही आलेलं असो. सिझरनंतर दूध उतरायला कधीकधी एखादा दिवस जास्त लागतो, कारण दुखत असतं आणि बाळ उशिरा जवळ दिलं जातं. म्हणून आई शुद्धीवर असेल तर पहिल्या तासातच बाळ छातीशी द्यायला सांगा. पहिला चीक थोडाच असतो, तेवढा बाळाला पुरतो. कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखालून बाजूला धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही.

"मणक्यातल्या सुईने जन्मभर कंबर दुखते." बाळंतपणानंतर कंबर खूप जणींची दुखते, नॉर्मल झालेल्यांचीही. नऊ महिने वजन पेललेलं असतं, मग तासन्‌तास वाकून पाजणं. सुईची जागा काही दिवस दुखू शकते, काहींना सुरुवातीचे काही दिवस डोकंही दुखतं आणि त्यावर उपचार आहेत. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर सुईवर फोडायला आधार नाही.

"भात, वरण खाल्लं की टाके पिकतात." टाके जंतूंमुळे पिकतात, भातामुळे नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि दूध तयार व्हायला पाणी लागतं. वरण-भात बंद करून, पाणी तोडून आपण नेमकं उलटं करतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या, पण त्यासोबत पोटभर जेवणही द्या.

आणि या खुणा दिसल्या तर पाहुणे असोत वा बारसं, लगेच डॉक्टरकडे जायचं: टाक्यांभोवती लाली, गरमपणा, पू किंवा घाण वास, ताप, अंगावरून खूप जास्त रक्त जाणं, एका पायाला सूज आणि दुखणं, दम लागणं. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर तोही आजार आहे आणि त्यालाही उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

एकदा सिझर, म्हणजे कायम सिझर?

तसं नाही. आधी एक सिझर झालेल्या आणि बाकी सगळं ठीक असलेल्या बायका पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करू शकतात. असा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तिघींना ते जमतं. धोका असा की गर्भाशयाची जुनी शिवण उसवू शकते, साधारण दोनशेत एकीला. त्यामुळे हा प्रयत्न अशाच हॉस्पिटलमध्ये करायचा, जिथे गरज पडली तर लगेच ऑपरेशन होऊ शकेल.

सिझरचे पुढचे परिणाम असतात हेही खरं. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यांत रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. पुढच्या बाळात पुरेसं अंतर ठेवणं त्यासाठीच महत्त्वाचं. आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. सिझर कशासाठी झालं आणि गर्भाशयावर छेद आडवा होता की उभा, हे त्यावर लिहिलेलं हवं, नसेल तर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तेच लागणार आहे.

आता बघा, हा सगळा विचार कुणाला करता येतो? जी सांगू शकते तिला. जिचं सिझर घरानेच पुसून टाकलंय, ती पुढच्या वेळी कुणाला काय विचारणार?

तर, वहिनीसाठी काय करायचं?

त्या मुलीला मी शेवटी एवढंच लिहिलं. आजीशी भांडू नकोस. वहिनीजवळ बस आणि विचार, "टाके दुखतायत का? रात्री झोप झाली का?" पाहुणे आले की बाळाला तू घे आणि तिला आत झोपू दे. कुणी "नॉर्मल ना?" विचारलं तर खोटं बोलायची गरज नाही, सगळं सांगायचीही गरज नाही. "दोघंही छान आहेत, वहिनी आराम करतेय," एवढं पुरतं. तिने मग कुणाला काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल.

ऐकणाऱ्या मुलग्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. बहिणीच्या, मैत्रिणीच्या, बायकोच्या वेळी पहिला फोन कराल तेव्हा "काय झालं, मुलगा की मुलगी? नॉर्मल की सिझर?" याच्या आधी "ती कशी आहे?" विचारा.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री मी आईला फोन केला. म्हटलं, आपली गोष्ट सांगू का सगळ्यांना? ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांग. फक्त काकीचं पण सांग. ते गाळू नकोस."

गाळलं नाही, आई.

तुमच्या घरातलं असं काही असेल तर लिहा, नाव न घेता वाचून दाखवेन. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!